कादंबरीत नसलेला मिस्तरी

मित्रांनो, मी एक जुनी घोडी आहे. शेपूट शोधू नका, ते मला नाही. मी पुस्तक ठेवायची लाकडी घोडी आहे. मागे एक तिरपी फळी, खाली पुस्तक टेकायला पट्टी, आणि पाने उडू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना बोटाएवढे दोन फिरते खिटे. एवढाच माझा देह. वय विचाराल तर एकवीस वर्षे. लाकडाला हे वय काही फार नाही. पण ही वर्षे मी स्वयंपाकघरात, वाफेत आणि तेलाच्या हातांत काढली आहेत, म्हणून स्वतःला जुनी म्हणवून घेते.

मला ज्यांनी बनवले ते दारे-खिडक्यांच्या कारखान्यात सुतार होते. मी त्यांना काका म्हणते आणि त्यांच्या बायकोला काकू. काकूंना वाचनाचा भारी नाद. पण घरातले काम संपून हात मोकळे व्हायचे कधी? त्या पुस्तक साखरेच्या डब्याला टेकवून ठेवायच्या आणि भाजी चिरता चिरता वाचायच्या. एक दिवस डबा सरकला आणि पुस्तक थेट भांडी घासायच्या पाण्यात पडले. वाचनालयाचे पुस्तक होते ते. काकूंनी पंख्याखाली बसून त्याचे एकेक पान वाळवले. काकांनी ते पाहिले. दुसऱ्या दिवशी मुकादमाला विचारून त्यांनी सागवानी चौकटीचा उरलेला तुकडा घरी आणला.

तीन संध्याकाळी माझे काम चालले. काकांचा हात सफाईचा, पण माझ्या वेळी एक भोक चुकीच्या जागी पडले. त्यांनी ते फिक्या लाकडाची खुंटी ठोकून बुजवले, तरी डाग दिसतच राहिला. ते मला मोडून नवी घोडी करायला निघाले होते. काकू म्हणाल्या, "राहू द्या की. तीळ आहे तो तिचा." म्हणून मी वाचले.

काका स्वतः वाचत नसत. शाळा लवकर सुटलेली. वर्तमानपत्राचा मथळासुद्धा ते ओळीखाली बोट फिरवत वाचायचे आणि मध्येच कंटाळून चष्मा काढून ठेवायचे. कारखान्यातून आले की हातपाय धुऊन बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसायचे. एकदा बसले की बसले. काकू आतून काहीतरी बोलायच्या. काका बाहेरून विचारायचे, "काय म्हणालीस?" काकू म्हणायच्या, "काही नाही." कित्येक संध्याकाळी एवढेच बोलणे होई.

मग काकूंच्या बहिणीने त्यांना वाढदिवसाला एक कादंबरी दिली. या बहिणीला सगळे धाकटी म्हणतात. आता तिची साठी उलटून गेली, तरी ती धाकटीच. पोस्टात नोकरी करायची आणि तिची जीभ तिखट होती. आता नोकरी संपली, जीभ आहे तशीच आहे.

कादंबरी शहराबाहेरच्या एका नव्या वसाहतीची होती. एकसारखी घरे, एकसारखी फाटके, घरांपुढे हिरवळीचे एकसारखे तुकडे. माणसांकडे सगळे काही आहे, आणि सुखी मात्र कुणीच नाही. नवरा रोज शहरात कामाला जातो आणि मुका होऊन परत येतो. बायको खिडकीशी उभी राहून समोरच्या घराकडे बघते, आणि समोरची बाई तिच्या घराकडे. वाचणाऱ्याला वाटावे की लेखकाने आपल्याच गल्लीत घर भाड्याने घेतले होते. ही कादंबरी इतकी गाजली की बऱ्याच घरांत तिची एक तरी प्रत असते. आमच्या घरात तिला नुसते 'ती कादंबरी' म्हणत.

पहिल्याच दिवशी काकूंनी हाक मारली, "अहो, माझे हात कणकेचे झालेत. जरा पान उलटता का?"

काका आले आणि टेबलापलीकडे उभे राहिले. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात घालून पान उलटले आणि जायला वळले. काकू म्हणाल्या, "थांबा ना. दोन मिनिटांत परत उलटावं लागेल." काकांनी खुर्ची ओढली. नुसते बसून काय करणार, म्हणून काकू मोठ्याने वाचू लागल्या. पान संपले की त्या "हं" म्हणत आणि काका पान उलटत. माझे तोंड काकूंकडे, पाठ काकांकडे. काकांना फक्त माझी फळी आणि पुस्तकाच्या पुठ्ठ्यांच्या कडा दिसत. हे नीट लक्षात ठेवा मित्रांनो, कारण पुढचा सगळा घोटाळा यातूनच झाला.

दोन प्रकरणे काकांनी निमूट ऐकली. तिसऱ्याच्या सुरुवातीला ते वैतागले.

"काय रडी माणसं आहेत गं ही! एवढी घरं आहेत, मग कुणाकडे काही मोडत नाही का? नळ गळत नाही, दार घासत नाही? या गल्लीत एक मिस्तरी आला असता ना, तर निम्म्या लोकांचं तोंड उघडलं असतं. मी बाहेर बसतो."

काकूंनी वाटाणे सोलायचे थांबवले. बाहेरच्या खुर्चीकडे एकदा पाहिले. मग पुस्तकात बघत त्या तशाच सुरात पुढे वाचू लागल्या, "इतक्यात फाटक वाजले. खांद्याला हत्यारांची पिशवी लावलेला एक मिस्तरी आत आला आणि म्हणाला, बाई, तुमचं दार घासतंय असं ऐकलं."

काका उठता उठता खाली बसले.

मी तर चाटच पडले. माझ्या अंगावर उघडे पान होते. त्यावर त्या बाईच्या खिडकीचे वर्णन होते, पडद्याच्या रंगासकट. मिस्तरीचा मागमूस नव्हता!

तेव्हापासून मिस्तरी त्या कादंबरीत राहायलाच आला. काकू छापलेले दीड पान वाचायच्या आणि मध्ये अर्धे पान मनातले घालायच्या. आवाज जराही बदलायचा नाही. मिस्तरी टाकीवर चढायचा, कुलपे उघडून द्यायचा. कुणाशीही न बोलणारा तो नवरासुद्धा मिस्तरीला चहा विचारायचा. एकदा मिस्तरी त्या बाईला म्हणाला, "दार घासतं म्हणजे दार वाईट नसतं बाई. घर जरा बसलेलं असतं. थोडं तासलं की झालं." हे वाक्य काकांचेच होते, आदल्या आठवड्यात शेजाऱ्यांशी बोलताना म्हटलेले. काकांना ओळखू आले नाही. टेबलावर थाप मारून ते म्हणाले, "बघ! लेखकाला लाकडातलं कळतं हं. उगाच नाही एवढं नाव झालं त्याचं."

काकूंना हसू दाबण्यासाठी कांदा चिरायला घ्यावा लागला.

शेवट जवळ आला तेव्हा त्यांनी सहज विचारल्यासारखे विचारले, "अहो, या मिस्तरीचं पुढे काय होईल असं वाटतं तुम्हाला?"

"कुठे जाणार तो? इथंच राहील. या गल्लीतलं काम संपतंय थोडंच!"

दुसऱ्या दिवशी कादंबरीत तसेच झाले. काका आठवडाभर कारखान्यात सांगत फिरले की आपले आणि त्या लेखकाचे डोके एकसारखे चालते.

दर दोन-तीन वर्षांनी ती कादंबरी पुन्हा निघायची. मधल्या काळात इतर पुस्तके झाली, पण काका विचारायचे, "मिस्तरीची कधी काढणार?" अशी सहा वाचने झाली. सहाव्या वेळी काकूंचा आवाज फार बारीक झाला होता, म्हणून काकांनी खुर्ची टेबलाला अगदी चिकटवून घेतली. ते वाचनही पुरे झाले. त्यानंतरच्या हिवाळ्यात काकू गेल्या.

मित्रांनो, कुणी गेले की त्या माणसाच्या वस्तूंचे काय करायचे हे घरातल्यांना कळत नाही. काकांनी ती कादंबरी उशीच्या धुतलेल्या अभ्र्यात घालून कपाटात ठेवली. मला आधी स्वतःच्या औषधांची पाकिटे लावायला घेतले. औषधे लागेनाशी झाली तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या कपाटावर गेले. माझ्यावर रद्दी आली, रद्दीवर मोडकी छत्री आली. दोन वर्षे मी रद्दीच्या फटीतून बघत पडून होते. रागावण्यासारखे काही नव्हते. काका रोज खाली टेबलाशी बसून जेवायचे आणि पलीकडच्या बाजूला कधी ताट ठेवायचे नाहीत.

मग एका सकाळी धाकटी वर्तमानपत्र नाचवत आली. "भाऊजी! ताईच्या कादंबरीवर सिनेमा येतोय! पुढच्या महिन्यात शुक्रवारी लागणार!"

काकांनी बोट लावून पूर्ण बातमी वाचली. दोन वर्षांत मी त्यांना एवढे खूश पाहिले नव्हते. त्यांनी त्यातला फोटो कापून भिंतीवर लावला. एका घरापुढे नट-नट्या ओळीने उभ्या होत्या. रोज चहा पिताना काका त्यांच्याकडे बघायचे. हा नवरा म्हणून शोभतो, ही बाई जरा जास्तच नटली आहे, असे त्यांचे चालायचे. धाकटी सिनेमाच्या तिकिटांचे विचारायला आली, तेव्हा त्यांनी मनातले विचारले.

"मिस्तरीचं काम कुणी केलंय गं? हा मागे शिडी धरून उभा आहे, तो का?"

धाकटीने चष्मा वर सरकवला. "हा? हा दिवे लावणारा असेल, भाऊजी. चुकून फोटोत आलाय. आणि मिस्तरी कोण?"

"कोण म्हणजे? मिस्तरी! तो टाकीवर चढतो, दार तासून देतो. त्याच्याशिवाय आहे काय त्या कादंबरीत? बाकी सगळे तोंड पाडून बसलेले."

"मी ती कादंबरी तीनदा वाचलीय. असा कुणी नाही त्यात."

"मग पानं गाळून वाचली असशील. पोस्टात नुसते शिक्के मारून पत्रं पुढे ढकलायची सवय तुझी!"

"आणि तुम्ही तर एकदाही वाचलेली नाही!"

"ऐकली आहे. सहा वेळा."

धाकटी हसली. मग काकांचे तोंड पाहून तिचे हसू थांबले. हा माणूस थट्टा करत नव्हता. तिने विषय बदलला, चहाचे कप उचलून आत आली आणि काकांच्या मुलीला फोन लावला. मुलगी दुसऱ्या गावी असते. धाकटी हळू बोलत होती, पण मी वरून ऐकत होते.

"अगं, तुझ्या बाबांचं जरा... नाही, तब्येत बरी आहे. पण नसलेली माणसं आठवायला लागलीत त्यांना. एकदा डॉक्टरांना दाखवू या का?"

आमच्या घराच्या भिंती पातळ आहेत. बाहेरच्या खुर्चीपर्यंत सगळे गेले.

धाकटी गेल्यावर काका स्वयंपाकघरात आले आणि उभ्याउभ्या हत्यारांची नावे म्हणू लागले. "रंधा, पटाशी, करवत, गिरमिट, गुण्या." सगळी आठवली. मुलीचा फोन नंबर म्हटला, तोही बरोबर आला. पण त्याने त्यांचे समाधान झाले नाही. शेगडीसमोर उभे राहून ते म्हणाले, "मिस्तरी नसेल, तर मग मी ऐकलं काय?"

मला तोंड असते तर मी तिथल्या तिथे सांगितले असते की काका, तुमचे बरोबर आहे आणि धाकटीचेही बरोबर आहे. पण आम्हा लाकडांना फक्त बघता-ऐकता येते.

त्या आठवड्यात भिंतीवरचा फोटो उतरला. काकांना आता त्या शुक्रवारची भीती वाटू लागली होती. पडद्यावर मिस्तरी आला नाही, तर आपले डोके गेले हे नक्की ठरणार. आणि डोक्यावर भरवसा उरला नाही, तर काकूंचे जे जे आठवते ते तरी खरे कशावरून? त्यांच्याजवळ काकूंचे म्हणून मुख्यतः तेच होते, टेबलापलीकडून ऐकलेले.

रविवारी दुपारी धाकटी आली तेव्हा काका स्टुलावर चढले होते. छत्री खाली आली, रद्दी आली, मग मी. त्यांनी ओल्या फडक्याने मला पुसले आणि टेबलावर ठेवले. कपाटातून उशीचा अभ्रा आणला.

"वाच," ते धाकटीला म्हणाले. "पहिल्यापासून. ताईच्या पुस्तकातून. एकदाचा काय तो निकाल लागू दे."

"कशाला भाऊजी? राहू द्या ना. नसेल तर नसेल."

"घाबरलीस? वाच म्हणतो ना."

काका आपल्या जुन्या जागी बसले, माझ्या पाठीशी. धाकटी समोर बसली. ती पोस्टात आलेली तार वाचावी तशी भराभर वाचते. पहिले प्रकरण झाले, दुसरे झाले. काका पान उलटत होते आणि त्यांचा हात जड होत होता. तिसऱ्या प्रकरणाच्या दुसऱ्या पानावर धाकटी एकदम थांबली.

"का थांबलीस? आला ना मिस्तरी?"

धाकटीने चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा लावला.

"भाऊजी, इकडे या. या बाजूला या."

मित्रांनो, इतक्या वाचनांत काका टेबलाच्या त्या बाजूला कधी आलेच नव्हते. ते वळसा घालून आले आणि पहिल्यांदा त्यांनी माझ्यावर उघडलेले पान समोरून पाहिले. पानाच्या कडेला पेन्सिलीने, काकूंच्या बारीक अक्षरात लिहिले होते, "इथे मि. येतो. दार घासतंय."

धाकटीने पुढची पाने चाळली. कडेला जागोजाग मि. होता. मि. शिडी आणतो. मि. ला खोकला, मागच्या प्रकरणापासून. आणि शेवटच्या कोऱ्या पानावर तर सगळी यादीच होती. काकांनी ती धाकटीला वाचू दिली नाही. स्वतः बोट लावून, एकेक अक्षर जुळवत, मोठ्याने वाचली.

"मि. डावखुरा, विसरू नये. मि. ला एकच मुलगी. पहिल्या वेळी सायकल होती, या वेळी पायी आणला, ह्यांनी लगेच पकडलं, तर सायकल विकली असं सांगणे. मि. चहात साखर घेत नाही... नको, ह्यांच्यासारखं होईल, ओळखतील. दोन चमचे घेतो."

खाली एक ओळ वेगळी लिहिलेली होती. काकांचे बोट तिच्यावर बराच वेळ फिरले. "शेवटी मि. कुठे जातो? ह्यांना विचारणे."

धाकटीने घाबरून त्यांच्याकडे पाहिले. त्यांचे खांदे हलत होते. ते हसत होते! हसता हसता ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आले, आणि ते पाणी ठसक्याचे की कशाचे हे त्यांनाही सांगता आले नसते.

"लबाड! अगं काय लबाड बाई ही! आणि मी कारखानाभर सांगत सुटलो होतो, लेखकाचं आणि माझं डोकं एक म्हणून!"

"भाऊजी, माझं चुकलं," धाकटी म्हणाली. तिचेही डोळे वाहत होते. "मी तुम्हाला डॉक्टरकडे न्यायला निघाले होते."

"तूच जा आता. डोळे तपासून घे. एवढा मोठा माणूस तुला तीनदा दिसला नाही म्हणजे काय?"

तिने लगेच मुलीला फोन लावला. "अगं, तुझे बाबा ठणठणीत आहेत. तुझी आई मात्र..." काकांनी तिच्या हातातून फोन घेतला आणि यादी पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवली. मुलगी पलीकडे हसत होती ते मलाही ऐकू आले.

चहा झाल्यावर धाकटी म्हणाली, "मग आता सिनेमाचं राहू दे ना? तुमचा मिस्तरी तर नाही त्यात."

"राहू दे काय? तीन तिकिटं काढ. पोरीलाही बोलावलंय मी." काकांनी कापलेला फोटो टेबलावर सरळ केला. "नाही तेच बरं झालं. असता तर कुणीतरी नट टोपी तिरकी घालून त्याची वाट लावून आला असता. आता त्याला कुणी हात लावू शकत नाही. आणि खरं सांगू? मला बघायचंच आहे, तो नसला की ती गल्ली कशी दिवस काढते."

धाकटीने त्यांच्याकडे पाहिले. मग ती कप धुवायला उठली.

मित्रांनो, शुक्रवार आता चार दिवसांवर आला आहे. कादंबरीचा शेवट मी सांगत नाही, तुम्हालाही सिनेमा बघायचा असेल. माझे म्हणाल तर मी परत टेबलावर आहे. काकांनी माझ्या खिट्यांना तेल दिले आहे. या वयात याहून जास्त काय हवे?

तुमच्याकडे एकच मागणे आहे. जुने पुस्तक हाती आले आणि त्याच्या कडेला पेन्सिलीने काही लिहिलेले दिसले, तर पान खराब झाले म्हणून ते खोडू नका. आधी वाचा. मग घरातल्या मोठ्यांना विचारा की हे अक्षर कुणाचे. आणि तुमच्या घरात कुणी तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवत असेल, तर कधीतरी टेबलाला वळसा घालून त्यांच्या बाजूला जाऊन बसा. ते आहेत तोवर जा.

आता मला थांबायला हवे. काका चष्मा लावून समोरच्या बाजूला येऊन बसले आहेत. आज ते स्वतः वाचत आहेत, छापलेले आणि कडेचे दोन्ही, आणि एका ओळीला त्यांना बराच वेळ लागतो.